मोरीच्या तोंडाशी

त्या वर्षी पेरणीच्या दिवसांत नदी खंगली. वर डोंगराकडे पाऊस नव्हता. वरून येणारं पाणी कमी झालं की समुद्र नदीत वर चढायला लागतो, तसा तो चढत होता. रोजच्या भरतीला खारं पाणी थोडं थोडं पुढे सरकत होतं. आमच्या भातखाचरांपर्यंत ते अजून पोचलं नव्हतं, पण क्वाश दर भरतीला मोरीच्या फळीवर पालथा पडून ओंजळभर पाणी तोंडात घ्यायचा, चूळ फिरवायचा आणि थुंकायचा.

"कसं आहे रे?" बांधावरून कुणीतरी विचारायचं.

"गोड आहे. आजच्यापुरतं."

मी तेव्हा जन्मलो नव्हतो. क्वाश माझा बाप, मिंडा माझी आई आणि बायना माझी आजी. तिघांनी ही हकीगत तीन तऱ्हांनी सांगितली, आणि ती एकाला एक जोडताना मी पुष्कळदा अडखळलो आहे. मी पुस्तकांत डोकं घालून म्हातारा झालेला माणूस. मला खोऱ्याचा दांडा धड धरता येत नाही. तेव्हा चुकलं असेल ते माझं समजावं.

कॅरोलायनाच्या किनाऱ्याला आम्हा गुलामांना भाताचं काम वाटून देत. प्रत्येकाला जमिनीचा ठरलेला तुकडा. हा वाटा संपला की उरलेला दिवस ज्याचा त्याचा. हात चपळ असले तर ऊन कलायच्या आत माणूस मोकळा व्हायचा. मग कुणी आपल्या भाजीच्या वाफ्याला पाणी घालायचं, कुणी मासे पकडायचं. आमच्या घरची तिघं मात्र मोरीशी जाऊन बसायची.

मोरी म्हणजे बांधाच्या पोटातून आरपार काढलेला फळ्यांचा लांब पेटारा. दोन्ही तोंडांना झडपा. भरतीच्या वेळी झडप उचलली की नदीचं पाणी खाचरात शिरतं, ओहोटीला उचलली की बाहेर पडतं. झडपा सांभाळणं क्वाशकडे होतं. मोरीच्या आतल्या तोंडाशी झोपडीच्या जमिनीएवढी मोकळी जागा असायची. तिथं कुणी पेरत नसे, कारण पाण्याच्या लोटात बी टिकत नाही. गुळगुळीत काळा चिखल. काठीनं रेघ ओढली तर लोण्यात ओढल्यासारखी उमटायची, आणि संध्याकाळी क्वाशनं झडप उचलली की पुसून जायची.

मिंडा याच चिखलावर इंग्रजी अक्षरं शिकवायची. ती आधी मोठ्या घरात मालकाच्या मुलाला सांभाळायला होती. मुलाचा मास्तर यायचा तेव्हा ती कोपऱ्यात बसून मोजे रफू करायची आणि कान तिकडे ठेवायची. मुलगा शाळेला शहरात गेला, तसं हिला शेतावर धाडलं. हाताला फोड आले, पाठ मोडली, पण ऐकलेलं डोक्यातच राहिलं.

"मालकाला आपल्या हातात कोयता चालतो," ती म्हणायची. "कुऱ्हाड चालते. डुकरं मारायला मुकादम टायटसच्या हातात बंदूकसुद्धा देतो. अक्षर तेवढं चालत नाही. मग त्यात काहीतरी असणारच की."

त्यात काय होतं हे त्यांना पुरतं ठाऊक नव्हतं. त्याची किंमत मात्र ठाऊक होती. पिंपं बनवणाऱ्या ब्रॅमच्या टोपीत आदल्या हिवाळ्यात छापलेलं एक पान सापडलं होतं. त्याला फटके दिले, आणि पाठ वाळायच्या आत जॉर्जियाला विकून टाकलं. त्याची बायको अजून दोन माणसांचं रांधायची आणि मग उरलेलं कोंबड्यांना घालायची.

क्वाश लवकर शिकला. बायनाला जमत नव्हतं. पन्नाशी उलटलेली बाई, बोटं खोऱ्याच्या दांड्यावर वाकून तशीच राहिलेली. काठी धरली की निसटायची. मग एके दिवशी तिनं काठी टाकून दिली आणि उभी राहिली.

"आई, काय झालं?" मिंडानं विचारलं.

"हातांना नाही कळत. पायांना सांगून बघते."

आमच्याकडे पेरणी बायका करतात. चिखलाच्या पाण्यात घोळवलेलं बी सरीत टाकत जायचं, आणि पाठोपाठ टाचेनं माती ओढून झाकायचं. बायना लहानपणापासून ते करत आली होती. तिच्या टाचेला जे कळायचं ते पुष्कळांच्या डोळ्यांना कळत नसे. ती टाचेनं चिखलात रेघा ओढायला लागली. पहिलं अक्षर दोन पोटांचं. दुसरं नुसता खांब. तिसरं दोन खांब आणि मधे तिरकी पडलेली तुळई. चौथं झोपडीचं छप्पर. पाचवं मोरीच्या चौकटीसारखं, दोन खांब नि मधे आडवी फळी. घाम गळत होता, ओठ दातांत धरलेला. शेवटची फळी ओढून ती मागे सरली.

मिंडा बघत राहिली. मग म्हणाली, "आई, हे तू आहेस."

"सगळं?"

"सगळं. बायना."

म्हातारी त्याच्याभोवती फिरून आली. एखाद्या नव्या जनावराला बघावं तशी.

"छप्पर जरा गळतंय," क्वाश म्हणाला.

"तुझं डोकं गळतंय," ती म्हणाली. पण तिचं लक्ष नव्हतं.

भरती लागायला आली. क्वाश झडपेकडे निघाला तेव्हा तिनं त्याचा हात धरला.

"आज नको उचलू."

"आई, बी टाकलंय. पाणी द्यायला हवं, नाहीतर पाखरं उचलतील."

"उद्याच्या भरतीला दे. सकाळच्या उजेडात मला एकदा बघायचंय. एवढ्या वर्षांत सगळ्यांनी मला या नावानं हाका मारल्या, कामाला लावलं. मी कधी बघितलं नव्हतं त्याला." मग म्हणाली, "मेरी आणि डायना गेल्या तेव्हा मला कुठं लिहिता येत होतं. एकीच्या तरी ओढणीला नाव लिहून बांधून दिलं असतं."

मेरी आणि डायना तिच्या मुली. क्वाशच्या आधीच्या. त्या कुठे विकल्या गेल्या हे कुणालाच सांगता आलं नाही.

क्वाश मिंडाकडे बघत होता. मिंडानं मान हलवली. राहू दे, एक दिवस.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या भरतीला क्वाशनं चूळ भरली आणि ती लगेच थुंकली. पुन्हा घेतली. पाणी खारं होतं.

वारा रात्रीत पूर्वेला फिरला होता आणि समुद्र मोरीपर्यंत आला होता. आता झडप उचलली तर सगळं बी मरणार. म्हणजे नाव पुसायचं ते खोऱ्यानंच, आणि आत्ताच्या आत्ता. तो मोरीवरून उठला तर बांधावरून दोन घोडे येत होते. पुढे प्रुइट, मालकाचा गोरा कारभारी. मागे मुकादम टायटस, आमच्यातलाच, पण हातात चाबूक असलेला. त्यांच्या मागे खेचरावर तंबूचं सामान.

बायना त्याच वेळी दुसरीकडून आली होती, आपलं नाव बघायला. तिनं घोडे बघितले. पळाली नाही, काही नाही. सरळ चालत त्या जागेपर्यंत गेली, स्कर्ट पसरला आणि नावावर बसली.

"पाणी?" प्रुइटनं घोड्यावरूनच विचारलं.

"खारं आलं, साहेब."

"या खाचरात काल पेरा झाला. काल संध्याकाळी पाणी गोड होतं. मग आत का नाही घेतलं?"

"भरती कमी होती, साहेब."

प्रुइट उतरला. तो आरडाओरडा करणारा माणूस नव्हता. त्यानं हातमोजा काढला, नीट घडी करून खिशात ठेवला आणि क्वाशच्या थोबाडीत मारली. मग दुसऱ्या गालावर. बायना बघत होती. तिला उठता येत नव्हतं.

"अख्ख्या खाचराचं बी उघड्यावर पडलंय," प्रुइट म्हणाला. "गोड पाणी येईपर्यंत मी इथंच राहणार. दर भरतीला माझ्यासमोर चाखायचं. आणि ही म्हातारी इथं काय करते?"

क्वाशच्या तोंडात रक्त होतं. टायटसच बोलला. "पाखरं हाकायला लागतील ना, साहेब. मीच बोलावलीय."

त्यानं बोलावलं नव्हतं. बायनानं चमकून त्याच्याकडे बघितलं. टायटस खाचराकडे बघत होता.

दिवसभर ती तिथंच बसली. तंबू मोरीच्या वरच, बांधावर ठोकला होता. प्रुइट दाराशी खुर्ची टाकून बसला, त्याच्यापासून बायना वीसएक पावलांवर. पेरणीच्या दिवसांत भातपाखरांचे थवेच्या थवे उतरतात. ती बसल्या जागेवरून फळीवर फळी आपटायची, ओरडायची, ढेकळं फेकायची. पाखरं तिच्या आवाजापासून लांबच्या टोकाला जाऊन खुशाल टिपायची.

"ए म्हातारे, पाखरं तिकडे आहेत! तिकडे जा की!"

"गुडघा धरलाय, साहेब. उठलं की मोडतो."

"मग तुला इथं ठेवून उपयोग काय?"

"आवाज मोठा आहे, साहेब," आणि ती अशी किंचाळली की खेचर बुजलं.

टायटसनं दुसऱ्या दोन बायका लांबच्या टोकाला उभ्या केल्या आणि काम भागलं. ऊन चढलं. चिखलाचा ओलेपणा दुपारपर्यंत गेला, कडा कडक झाल्या, आणि नाव तिच्या खाली भाजल्या मडक्यासारखं घट्ट झालं. तिनं टाच घासून बघितली. माती सुटेना. पाणी प्यायला नाही उठली, लघवीलाही नाही. संध्याकाळी, बायका घरी निघाल्या तेव्हा मिंडानं येऊन एक मोडकी टोपली आणि वाळलेल्या पेंढ्याची मोळी सहज टाकल्यासारखी तिथं टाकली आणि तिला हात देऊन उठवलं. बायना तिच्या खांद्यावर भार टाकून चालली.

झोपडीत आल्यावर मिंडानं कोमट पाणी घेतलं आणि तिचे पाय शेकायला लागली. स्कर्ट वर केला आणि थांबली. मांड्यांच्या मागच्या बाजूला लाल वळ उठले होते. दोन पोटं, खांब, छप्पर. उलटी, पण ओळखू येत होती.

"काय बघतेस?" बायना म्हणाली.

"तुझ्यावर तुझंच नाव उठलंय, आई."

म्हातारीला हसू फुटलं. मिंडालाही. दोघी तोंडावर हात धरून हसत होत्या तोच क्वाश आत आला. त्याचा एक डोळा सुजून मिटला होता.

"हसा," तो म्हणाला. "साहेबानं आत्ता पेंढा उचलायला सांगितला असता. घोड्याला घालायला. टायटस म्हणाला कुजकाय, म्हणून राहिला."

हसू थांबलं. तव्यावर मक्याची भाकरी होती, आणि कण्यांचा भात. कुणी वाढून घेईना.

"मी अंधारात जाऊन खोऱ्यानं फोडून टाकतो," क्वाश म्हणाला.

"तंबू वर आहे. खोऱ्याचा आवाज होईल," मिंडा म्हणाली.

"मग काय, उद्या आई पुन्हा बसणार? आणि परवा? पाऊस कधी येईल कुणाला ठाऊक?"

"बसेन," बायना म्हणाली.

"का? कशासाठी? एका नावासाठी?"

"माझं आहे ते."

"तुझं आहे म्हणूनच!" क्वाशचा आवाज फुटला. "ते नाव बघितलं की साहेब तुला नाही काही विचारणार. तुला कोण विकत घेईल? तो विचारेल, हिला शिकवलं कुणी. मोठ्या घरात कोण होतं? आख्ख्या वस्तीत एकच बाई होती. मेरी आणि डायना गेल्या त्याच होडीनं मिंडा जाईल. तुझ्या नावापायी."

मिंडा खाली मान घालून भांडं पुसत होती. ती त्या वेळी तीन महिन्यांची गरोदर होती. बायनाला ते ठाऊक होतं, क्वाशला अजून नव्हतं.

"मी पुसते," बायना म्हणाली. "मीच केलंय, मीच पुसते. पण चोरासारखं नाही. उजेडात."

"साहेबासमोर?"

"तो कुठं जाणार आहे? त्याच्यासमोरच पुसायला लागेल."

सकाळी ती निघाली तेव्हा तिच्या डोक्यावर बियाण्याचं सूप होतं आणि हातात गोड्या पाण्याची लाकडी बादली. बी आदल्या दिवशीच घोळवून वाळवलेलं होतं. मिंडानं विचारलं, बी कशाला? तर तिला नीट सांगता येईना. पाय त्या जागेवर रिकामे जायला तयार नव्हते, एवढंच म्हणाली.

प्रुइट तंबूबाहेर दाढी करत होता. टायटसनं आरसा धरला होता. बायनानं पेंढा बाजूला केला, टोपली उचलली. नाव उघडं पडलं. रात्रीच्या दवानं रेघांच्या तळाशी ओल धरली होती, त्यामुळे त्या जास्तच काळ्या दिसत होत्या.

तिनं बादलीतलं पाणी पहिल्या अक्षरात ओतलं. मग कंबरेवर सूप धरून, सरीत टाकतात तसं दोन पोटांच्या रेघेत बी टाकत गेली. आणि पाठोपाठ टाच. माती भिजून सुटत होती. ओढायची, दाबायची, पुढचं पाऊल. पेरताना बायका हलक्या आवाजात गातात, तसं तिनं गाणंही धरलं. तिला नंतर विचारलं तर म्हणायची, गाणं कुठलं होतं ते आठवत नाही, नुसतं घसा कोरडा पडू नये म्हणून.

खांब झाकून झाला. तिरकी तुळई झाली.

"ए! काय करतेस तिथं?"

प्रुइट गालावर साबण तसाच ठेवून बांधाच्या कडेला आला होता. खाली बघत होता. झोपडीचं छप्पर आणि मोरीची चौकट अजून उघडी होती. लांबच्या कडेनं मिंडा येत होती. ती जागच्या जागी थांबली. क्वाश फळीवर पालथा पडला होता, त्याच्या ओंजळीतलं पाणी गळून गेलं.

"पेरतेय, साहेब," बायना म्हणाली. टाच थांबली नव्हती.

"इथं? मोरीच्या तोंडाशी?"

"पाखरांनी तिकडचं खाल्लं. म्हटलं, ही जागा रिकामी आहे."

प्रुइट एक पाऊल खाली उतरला. त्यानं मान तिरकी केली. डोळे त्या दोन अक्षरांवरून फिरले, मग तिच्या वाकड्या पायांवर आले आणि तिथंच थांबले.

"टायटस," तो म्हणाला, "हिच्या सऱ्या बघ. दारू प्यायलेलं गाढव याहून सरळ चालेल."

"म्हातारी झालीय, साहेब."

"म्हातारी नव्हे, मूर्ख. आयुष्य गेलं भातात आणि अजून कळत नाही की इथलं बी पहिल्या पाण्यात वाहून जातं. किती बी घेऊन आलीस?"

"मूठभर, साहेब."

"तेवढं तुझ्या आठवड्याच्या शिध्यातून जाईल. काय आहेस तू?"

ती वर बघत नव्हती. "मूर्ख आहे, साहेब."

"मोठ्यानं. या सगळ्यांना कळू दे."

"मूर्ख आहे, साहेब!"

तो हसला, आणि साबण वाळायला लागला म्हणून परत आरशाकडे गेला. टायटसनं आरसा जरा वळवून धरला, म्हणजे साहेबाची पाठ खाचराकडे राहील असा. बायनानं छप्पर झाकलं. चौकटीच्या रेघा भरल्या, आडवी फळी भरली, आणि शेवटचं पाऊल दाबून उभी राहिली. तिथं आता नुसता ओला चिखल होता, टाचांच्या खुणांनी भरलेला.

मिंडा जवळ आली तेव्हा म्हातारीचे डोळे भरले होते.

"गेलं गं," ती म्हणाली.

"कुठं गेलं? तुझ्या पायात आहे."

त्यानंतरचे दिवस जड गेले. खारं पाणी हटेना. क्वाशच्या जिभेला चूळ भरून भरून चिरा पडल्या. बाकीचं बी पाखरांनी निम्मं टिपलं. प्रुइटचा राग कामाच्या वाट्यांवर निघाला. वाटे वाढवले, आणि मोरीशी बसायला दिवसाचं टोकसुद्धा उरेना. मिंडा सरीतून चालता चालता आवाज न करता ओठ हलवायची, आणि तिच्या मागची बायना तेच ओठ हलवायची.

मग एका सकाळी नदी गढूळ आली. वर कुठंतरी पाऊस झाला होता. क्वाशनं चूळ भरली, गिळली, पुन्हा भरली, पुन्हा गिळली आणि ओरडला. झडप वर गेली. पाण्याचा लोट खाचरात घुसला, आणि प्रुइटनं तंबू उतरवायला सांगितला.

पेरा बुडून आठवडा राहिला, आणि मग ओहोटीला पाणी काढलं. त्या दिवशी पाण्याच्या कडेकडेनं पहिली चालत गेली ती मिंडा. तिनं मोरीच्या तोंडाशी बघितलं आणि खाली बसली.

बायनाला वाटलं, पोटात दुखलं असेल. ती धावत आली. आणि तिनंही बघितलं.

भाजलेल्या रेघांनी बी धरून ठेवलं होतं. वरची माती लोटानं नेली होती, आणि रेघांमधून सुईएवढी हिरवी टोकं वर आली होती. दोन पोटं. खांब. तिरकी तुळई. छप्पर. मोरीच्या अगदी जवळची चौकट तेवढी वाहून गेली होती.

"चार उगवली," बायना म्हणाली. तिचा आवाज अगदी लहान झाला होता. "क्वाश, बघ. छप्पर गळत नाही."

क्वाशनं बांधाकडे बघितलं. टायटस येत होता. एकटाच, पायी. आता लपवायला पेंढा नव्हता, आणि बसायचं तर रोपांवर बसावं लागलं असतं. तिघं तशीच उभी राहिली.

टायटसनं खाली बघितलं. बराच वेळ. त्याला वाचता येत नव्हतं, पण तो शिकारी माणूस होता, माग कशाला म्हणतात ते त्याला कळत होतं.

"हे त्या दिवशी होतं तेच?"

क्वाश मिंडाच्या पुढे सरकला.

"बोला की. मी काय दगडाचा आहे? आरसा धरून हात दुखले माझे."

"तेच आहे," बायना म्हणाली.

"यातलं माझ्या नावात काही आहे का?"

मिंडानं त्याच्याकडे नीट बघितलं. मग पायानं दाखवलं. "तो खांब. तो तुझ्याही नावात आहे."

टायटस खाली बसला. चाबूक बाजूला ठेवला आणि त्या हिरव्या ओळीवरून, न टेकवता, बोट फिरवलं. "एवढं सोपं?"

"हे सोपंच आहे. बाकीचं जरा वाकडं आहे."

"साहेब उद्या येतो बघायला," तो म्हणाला. "आजचा दिवस राहू दे. मग उपटा."

"नको," बायना म्हणाली. "एक दिवस राहू दे म्हटलं की काय होतं ते बघितलंय मी. पण उपटायचंही नाही."

ती शेजारच्या खाचरात गेली. तिथं एका कोपऱ्यात रोपं फार दाट उगवली होती. मूठभर मुळांसकट काढली आणि परत आली. गुडघे टेकून बसली आणि दोन पोटांच्या मधल्या जागेत एक रोप खोचलं. मग खांबाच्या शेजारी. मिंडाला समजलं. तीही रोपं आणायला गेली. क्वाशही. चौघं खाली वाकून लावत होती, छपराच्या आत, तिरक्या तुळईच्या दोन्ही अंगांना, सगळीकडे. टायटसचे हात या कामात बायकांपेक्षा मंद होते.

"मुकादम, रोप उलटं लावलंस," बायना म्हणाली. "काय आहेस तू?"

"मूर्ख आहे, मावशी," टायटस म्हणाला, आणि सगळी हसली.

ऊन कलेपर्यंत तिथं अक्षरं नव्हती. हिरव्या भाताचा एक गोल झुपका होता. दुसऱ्या दिवशी प्रुइट आला, झुपक्याकडे बघून म्हणाला, या म्हातारीचं नशीब बघा, आणि पुढे गेला.

टायटसनं वाट्यांचं कसं केलं ते त्याचं त्याला ठाऊक. मोजायची काठी त्याच्याच हातात होती. ती काठी त्या उन्हाळ्यात जरा आखूड झाली, तसे वाटेही लहान झाले, असं क्वाश म्हणायचा. मोरीशी बसणारी चार माणसं झाली, मग सहा. ब्रॅमची बायकोही यायला लागली. बायना टाचेनं लिहून दाखवायची आणि नव्या माणसाचं चुकलं की मिंडापेक्षा जास्त ओरडायची. संध्याकाळी झडप उचलली जायची. त्यात चूक पुन्हा कधी झाली नाही.

कापणीला मोरीच्या तोंडाशी भात आलं होतं, इतरांपेक्षा ठेंगणं पण दाणा भरलेलं. ते कुणाच्याच वाट्यात धरलेलं नव्हतं. बायनानं ते आपल्या हातानं कापलं, वाळवलं, उखळात कांडलं. त्या वेळी मिंडाचे दिवस भरत आले होते. तिला बसवेना म्हणून भिंतीला टेकून उभी होती. भात शिजला तो एका वाडग्याएवढाच.

टायटस दारात येऊन उभा राहिला. "मला खांबातला पाहिजे," तो म्हणाला.

"बस तिथं. शिजल्यावर खांब आणि छप्पर एकच," बायना म्हणाली. तिनं पहिला घास मिंडाला भरवला, कारण ती दोघांची होती. मग क्वाशला दिला, टायटसला दिला, आणि उरलेला स्वतः घेतला. सावकाश चावत राहिली, क्वाश नदीचं पाणी चाखायचा तशी, डोळे मिटून.

"कसं लागतंय?" मिंडानं विचारलं.

"चांगलं आहे," आजी म्हणाली. "जरा खारट आहे."